अनाहूत

गेल्या श्रावणातली गोष्ट. रायापूरच्या आमच्या घराच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. समोर पी. बी. रोडवरून ‘चिगरी’ बसेस हुबळी-धारवाड अशा ये-जा करीत होत्या. शेजारी भाचीचा मुलगा बसला होता. वय वीस. हुबळीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. त्याला जानेवारीत मित्रांबरोबर उत्तराखंडात केदारकंठ्याला जायचे आहे, ऐन बर्फाच्या दिवसांत. घरी आईचा विरोध. म्हणून तो माझ्याकडे वकीलपत्र घेऊन आला होता.

“आजोबा, तुम्हीच सांगा ना आईला. तुम्ही तर तिला स्वतः घेऊन गेला होता. बर्फ पडून गेल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी तुम्ही खिंड ओलांडलीत. काही झालं नाही ना?”

मी नेहमीप्रमाणे हसून मान डोलवायला हवी होती. तीस वर्षे मी या गोष्टीच्या शेवटी तसेच करीत आलो आहे. त्या दिवशी मात्र मान हलेना. ‘काही झालं नाही’ हे तीन शब्द त्या पोराच्या तोंडी ऐकताना मला प्रथमच जाणवले, की माझी फुशारकी आता त्याच्या हातात पुरावा म्हणून गेली आहे. त्या पुराव्याच्या भरवशावर तो उद्या एखाद्या उतारावर पाऊल टाकणार.

तेव्हा ती गोष्ट एकदा नीट, काही न लपवता सांगणे भाग आहे.

सन 1994. एप्रिलचा शेवटचा आठवडा. हुबळी, धारवाड आणि बेळगावची मिळून आम्ही अकरा हौशी मंडळी कुलूच्या खोऱ्यात गेलो होतो. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, बँकेत नोकरीला. सह्याद्रीतले बरेच गड पालथे घातलेले, हिमालयातही दोनदा जाऊन आलेला, म्हणून आपोआप म्होरक्या ठरलो. गटात सर्वांत लहान माझी भाची, एकोणीस वर्षांची. बेळगावहून निघताना अक्का स्टेशनवर आली होती. डब्याच्या खिडकीतून पेढ्यांचा पुडा देत म्हणाली, “तू आहेस म्हणून पाठवते हो.” मी म्हणालो, “अक्का, काही काळजी करू नकोस.” किती सहज निघून जातात ही वाक्ये तोंडातून!

नग्गरहून चंद्रखणीच्या खिंडीकडे चढताना वाटेत बर्फाचे वादळ आले. एक दिवस आणि दोन रात्री आम्ही तंबूत अडकलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तंबूचे दार उघडले, तर आकाश निळेशार, ऊन लखलखीत, आणि सगळीकडे गुडघाभर ताजे, पांढरेशुभ्र बर्फ. आमच्याबरोबर त्याच भागातला एक वाटाड्या होता. पन्नाशीचा, उन्हाळ्यात मेंढरे घेऊन वर जाणारा. तो बराच वेळ डोळ्यांवर हात धरून वरच्या उताराकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “साब, पहाड अभी बैठा नहीं. दो दिन रुकते हैं.”

दोन दिवस! दिल्लीहून परतीचे आरक्षण झालेले, रजा संपत आलेली, शिधा मोजका. पोरे कंटाळली होती. त्यात आदल्या संध्याकाळी भेटलेल्या दुसऱ्या एका गटाचे लोक पहाटेच निघून गेल्याचे दिसले. त्यांची पावले वर गेलेली होती. मी वाटाड्याला म्हणालो, “वो लोग तो गये ना?” तो काही बोलला नाही. गटातल्या एकाने हळूच ‘म्हातारा घाबरतोय’ असे म्हटले आणि सगळे हसले. मीही हसलो. मग मी निर्णय दिला, निघायचे.

त्याने वाद घातला नाही. एवढेच सांगितले, की मधला उतार एकेकाने ओलांडायचा, पाठपिशवीचे पट्टे सैल ठेवायचे, एक जण पलीकडे पोहोचल्याशिवाय दुसऱ्याने पाऊल टाकायचे नाही. आणि ज्याला जायचेच नव्हते तो स्वतः सर्वांच्या आधी त्या उतारावर उतरला.

शंभर-सव्वाशे पावलांचा तो पट्टा. सहा जण पार झाले. सातवी माझी भाची. ती मध्यावर असताना एक आवाज झाला. मोठा नव्हे. भरलेले पोते जमिनीवर टाकावे तसा, धप्प. तिच्या पायांपासून वरच्या बाजूला बर्फात एक रेघ सरसर धावत गेली आणि थांबली. ती जागच्या जागी खिळली. वाटाड्याने पलीकडून हातानेच खूण केली, हळू, थांबू नकोस. ती पार झाली. तिच्यामागून राहिलेले आम्हीही पार झालो. दुसरा मार्ग नव्हता.

गावात उतरल्यावर मी वाटाड्याला ठरलेले पैसे आणि वर बक्षिसी दिली. त्याने पैसे मोजून घेतले. मी म्हणालो, “अगले साल फिर आयेंगे.” तो म्हणाला, “तो किसी और को ले जाना, साब.”

परतल्यावर धारवाडात एका सभागृहात आम्ही स्लाइड शो केला. टाळ्या पडल्या. त्या रेघेची गोष्ट मी फार रंगवून सांगत असे. वाटाड्याचे शेवटचे वाक्य मात्र मी कुठेच सांगितले नाही. अक्कालाही त्या उताराबद्दल काही सांगितले नाही. काही झाले नव्हते ना!

बर्फाविषयी मी पुढे बरेच वाचले. त्यातले थोडे इथे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडच्या माणसाला बर्फ म्हणजे एक पांढरी चादर वाटते. प्रत्यक्षात ते थरांवर थर रचलेले असते. हिवाळ्यात प्रत्येक वादळ एक थर टाकून जाते. मधल्या थंडीच्या दिवसांत काही थरांचे कण बदलून दाणेदार साखरेसारखे सुटे होतात. ते एकमेकांना धरून राहत नाहीत. या साखरेवर नवे वादळ जड थर आणून टाकते. ताटात साखर पसरून त्यावर फरशीचा तुकडा ठेवावा आणि ताट तिरपे करावे, अशी ती अवस्था. फरशी काही वेळ जागेवर राहते. तिच्यावर एका माणसाचे वजन पडले की खालचे दाणे चिरडतात आणि सबंध फरशी निसटते.

हे घडायला फार तीव्र कडा लागत नाही. तीव्र कड्यावर बर्फ साचतच नाही, पडता पडता घसरते. साचलेले बर्फ एकदम सुटण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तो तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर. आपल्या घरातल्या जिन्याचा चढ साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो. म्हणजे जो उतार पाहून माणसाला ‘इथून सहज जाता येईल’ असे वाटते, नेमका तोच. शिवाय वारा एका बाजूचे बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला आणून टाकतो, म्हणून कमी बर्फ पडले असतानाही एखाद्या उतारावर त्याचा मोठा ढीग चढलेला असतो. वादळानंतरचे पहिले दोन दिवस विशेष वाईट. नव्या बर्फाला खालच्या बर्फावर बसायला वेळ लागतो. खालचा साखरेचा थर असेल तर दोन दिवसही पुरत नाहीत, आठवडेच्या आठवडे जातात. ‘पहाड अभी बैठा नहीं’ या एका वाक्यात त्या मेंढपाळाने हे सारे शास्त्र सांगितले होते.

जाणकार लोक अशा वेळी काय करतात? आजूबाजूला तशाच तोंडाच्या उतारावरून बर्फ नुकतेच सुटून आले आहे का ते पाहतात. पायाखाली धप्प असा आवाज येतो का, भेगा धावतात का, याकडे लक्ष देतात. आमच्या उताराने ही दोन्ही लक्षणे दाखवली होती. ती म्हणजे साखर चिरडल्याचा आवाज. जाणकार खड्डा खणून थर पाहतात. बर्फाचा एक खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि त्यावर मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा अशा थापा मारतात. खांब कितव्या थापेला मोडतो ते मोजतात. युरोपात 1993 पासून धोक्याची पाच पायऱ्यांची मोजपट्टी सर्वत्र एकसारखी वापरतात. तिच्याविषयी एक गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटली. सर्वाधिक माणसे पाचव्या पायरीच्या दिवशी मरत नाहीत. त्या दिवशी कोणी घराबाहेरच पडत नाही. मरतात ती मधल्या, तिसऱ्या पायरीच्या सुमारास. म्हणजे जिथे ‘जाऊ नये’ असे ठाम सांगता येत नाही आणि ‘जावे’ असेही नाही, तिथे.

अमेरिकेतल्या इयन मॅकॅमन या अभ्यासकाने सातशेहून अधिक हिमस्खलनांच्या नोंदी तपासून 2004 साली एक लेख प्रसिद्ध केला. गाडलेल्या माणसांपैकी कितीतरी जणांना बर्फाचे शिक्षण होते, धोक्याच्या खुणाही समोर होत्या. मग ते गेले कशामुळे? ओळखीची वाट होती म्हणून. आधी ठरले होते म्हणून. म्होरक्यावर विश्वास होता म्हणून. दुसरे कोणी पुढे गेले होते म्हणून. संधी पुन्हा मिळणार नाही म्हणून. हे वाचताना कुणीतरी आमच्याच तंबूबाहेर उभे राहून टिपण घेतल्यासारखे वाटले. परतीचे आरक्षण, माझी म्होरकी, पुढे गेलेली पावले, सगळे त्यात होते. बर्फ तेवढे नव्हते. त्या सकाळी मी बर्फाचा विचार केलाच नव्हता. मी माणसांचा विचार केला होता आणि त्याला बर्फाचा अंदाज असे नाव दिले होते.

आता मूळ प्रश्न. काही झाले नाही, हे खरे. मग माझे काही चुकले का?

आपण रोजच्या व्यवहारात निकालावरून न्याय करतो. हुबळी-धारवाडचा बायपास दुपदरी होता त्या काळात आपण सर्वांनी पाहिले आहे, की वळणावर समोरचे न दिसता ओव्हरटेक करणारा ड्रायव्हर सुखरूप पुढे गेला तर गाडीतले लोक ‘हात चांगला आहे’ म्हणत. तोच ड्रायव्हर तसाच वळणावर गेला आणि समोरून ट्रक आला, तर तो गुन्हेगार. दोघांनी केले ते एकच. फरक फक्त समोरच्या ट्रकचा, आणि तो ट्रक काही ड्रायव्हरच्या हातात नव्हता. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी 1976 साली या कोड्याला ‘नैतिक नशीब’ असे नाव देऊन त्यावर लिहिले. जे माणसाच्या हातात नाही त्यावरून त्याचा दोष कमी-अधिक कसा ठरावा? आणि तरीही आपले मन तो तसा ठरवते, हे नाकारता येत नाही.

त्याच्याही शंभर वर्षे आधी, 1877 साली, विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने एका जहाजमालकाचे उदाहरण दिले होते. जहाज जुने, डागडुजी मागणारे. मालकाच्या मनात शंका येते. पण खर्च टाळण्यासाठी तो स्वतःची समजूत घालतो, आजवर इतक्या सफरी झाल्या, याही वेळी होईल. हळूहळू त्याला ते मनापासून पटते. जहाज प्रवाशांसह बुडते. इथे कोणीही त्याला दोषीच म्हणेल. पण क्लिफर्ड पुढे विचारतो, जहाज बुडाले नसते, सुखरूप पोहोचले असते तर? त्याचे उत्तर असे, की मालकाचा दोष तिळमात्र कमी होत नाही. तो निर्दोष नसतो, त्याचा दोष उघडकीस आलेला नसतो, एवढेच. त्याच्यापाशी जो पुरावा होता, त्याच्या बळावर तसा विश्वास ठेवण्याचा त्याला हक्कच नव्हता.

कर्नाटक कॉलेजात असताना हे उदाहरण मी परीक्षेसाठी पाठ केले होते, चांगले गुणही मिळवले होते. उतारावर ते आठवले नाही.

आपल्याकडे फळाची आसक्ती सोडण्याची शिकवण आहे. माझ्यासारखी माणसे तिचा उपयोग बहुधा वाईट निकाल झटकायला करतात, ‘आपण केले, पुढचे देवाच्या हाती’. पण तोच न्याय दुसऱ्या बाजूनेही लावायला नको का? वाईट फळ माझे नसेल तर चांगलेही माझे नाही. भाची सुखरूप पलीकडे पोहोचली हे माझ्या निर्णयाचे श्रेय नव्हे. तो साखरेचा थर त्या क्षणी, त्या जागी मोडून पुढे पसरला नाही, एवढेच घडले. ज्या दिवशी आपण चुकतो त्याच दिवशी डोंगर आपल्याला शिक्षा करीत नाही. नऊ वेळा तो गप्प राहतो आणि आपण त्या गप्प राहण्याला होकार समजतो. दर वेळी सुखरूप परतणारा माणूस दर वेळी थोडा अधिक अडाणी होऊन परतत असतो, आणि स्वतःला अनुभवी म्हणवून घेतो.

हे सारे मनात उलगडायला मला बावीस वर्षे लागली, आणि त्याला कारण आपल्या जिल्ह्यातला एक जवान.

कुंदगोळ म्हटले की मराठी माणसाला सवाई गंधर्व आठवतात. त्याच तालुक्यातल्या बेटदूर गावचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद. 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचीनमध्ये सुमारे साडेएकोणीस हजार फुटांवरच्या सोनम चौकीवर बर्फाचा प्रचंड लोंढा कोसळला आणि एकोणीस मद्रास पलटणीचे दहा जवान गाडले गेले. त्या लोंढ्याखाली सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. ते पलटणीचे नर्सिंग असिस्टंट होते. एक कानडी मुलखातला, एक मराठी. सीमाभागात आपण दोन भाषांतले अंतर मोजत बसतो. तिथे दोघांवर एकच बर्फ पडले.

बर्फाखाली गाडलेल्या माणसाला किती वेळ असतो? स्वित्झर्लंडमधल्या नोंदींचा एक अभ्यास 1994 साली, आम्ही तो उतार ओलांडला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर दहातली नऊ माणसे जगतात. पस्तीस मिनिटांनी तीनच. हनुमंतप्पा सहाव्या दिवशी, 8 फेब्रुवारीच्या रात्री, पंचवीस फुटांहून अधिक बर्फाखालून जिवंत सापडले. सोबतचे नऊही जण गेले होते. त्या तीन दिवसांत रायापूरच्या आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. शेजारच्या कानडी घरात देवापुढे दिवा तेवत होता, आमच्याकडेही. 11 फेब्रुवारीला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. वय तेहेतीस.

हुबळीच्या नेहरू मैदानावर त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवले होते. रांगेत माझ्याबरोबर भाची होती, आता चाळिशीची. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग रांग पुढे सरकताना हळूच म्हणाली, “मामा, त्या दिवशी ती रेघ थांबली नसती तर?”

मी उत्तर दिले नाही. काय देणार?

त्या दिवसांत कानडी वृत्तपत्रांत मोठ्या अक्षरात ‘हिमपात’ असे छापलेले असे. मराठीत हिमपात म्हणजे नुसते बर्फ पडणे, कोसळून येते ते हिमस्खलन. कानडीत एकच शब्द दोन्हींसाठी चालतो. मला त्या कानडी शब्दात जास्त शहाणपण दिसले. बर्फ पडते तेव्हाच कोसळण्याची तयारी झालेली असते. मधे राहते ती काही तासांची किंवा दिवसांची शांतता, आणि त्या शांततेत माणसाने घ्यायचा निर्णय. दुसरा शब्द ‘अनाहुत’. कानडीत त्याचा अर्थ संकट, मोठी आपत्ती. मराठीत तोच शब्द ‘अनाहूत’, म्हणजे न बोलावता आलेला. दोन्ही अर्थ जोडले की आपल्या मनातली आपत्तीची कल्पना तयार होते, न बोलावता येते ते संकट.

पण हौसेने बर्फात जाणाऱ्यांच्या नोंदी वेगळेच सांगतात. ज्या स्खलनात ही माणसे सापडली, त्यांतली दहापैकी सुमारे नऊ त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्या वजनाने सुटलेली होती. म्हणजे पाहुण्याला आवतण देणारे तेच. हनुमंतप्पांची, सूर्यवंशींची गोष्ट याच्या अगदी उलट. त्यांनी उतार निवडला नव्हता, मुहूर्त निवडला नव्हता. 1984 पासून त्या हिमनदीवर पहारा आहे आणि देशाने सांगितले म्हणून ते तिथे होते. त्यांच्यावर आले ते खरोखरच अनाहूत. त्यांच्या पार्थिवासमोर उभा असताना मला माझ्या धाडसाची लाज वाटली, कारण मी बोलावले होते. आणि माझ्या बोलावण्याची किंमत चुकवायला पुढे मी नव्हतो. सर्वांत आधी तो वाटाड्या होता, ज्याने नको म्हटले होते. मध्यावर भाची होती, जिला कोणी विचारलेच नव्हते. मी नवव्या क्रमांकावर होतो.

इथे माझ्या मते या प्रश्नाची खरी गाठ आहे. जो अंदाज बांधतो आणि ज्याच्या जिवावर तो अंदाज पारखला जातो, ते दोघे एक असतील तर गोष्ट निराळी. माणसाने स्वतःचा जीव किती पणाला लावावा हा त्याचा प्रश्न आहे. पण ते दोघे वेगळे झाले, की ‘मला वाटते काही होणार नाही’ हे वाक्य मत राहत नाही. ती दुसऱ्याच्या खात्यावरची उचल होते. बँकेत आयुष्य गेले माझे. तारण न पाहता दिलेले कर्ज वेळेवर फिटले म्हणून ते देणे योग्य होते असे कोणी तपासनीस म्हणत नाही.

कोणी म्हणेल, असा विचार करीत बसले तर माणूस घराबाहेरच पडणार नाही. धाडसाला काही किंमत नाही का? आहे. मी पोरांना डोंगर बंद करा म्हणत नाही. घरात बसल्यानेही माणूस वाचतोच असे नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावातली माणसे आपल्या घरातच होती. शिवाय शिक्षण घेतले की संकट टळते असेही नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा शिखराजवळ जे हिमस्खलन झाले, त्यात गेलेल्यांत गिर्यारोहणाचे उच्च शिक्षण घेणारी मुले होती आणि त्यांना शिकवणारेही होते. निश्चिती कुठेच नाही. पण निश्चिती नाही म्हणून प्रामाणिकपणाही नको असे होत नाही. उलट जिथे निश्चिती नाही तिथेच त्याची गरज. धाडस आणि बेफिकिरी बाहेरून सारखी दिसतात. फरक एवढाच, की धाडसी माणसाने शंका ऐकलेली असते, आणि बेफिकीर माणूस शंका घेणाऱ्याला हसलेला असतो.

आम्ही हसलो होतो.

गेल्या भाऊबीजेला बेळगावला अक्काकडे गेलो. ओवाळून झाले. ताट बाजूला ठेवून ती बसली तेव्हा मी म्हणालो, “अक्का, तुला एक सांगायचं राहिलंय.” आणि सगळे सांगितले. वाटाड्याचे वाक्यसुद्धा. ती आता बहात्तरीत आहे. ऐकताना ती निरांजनाची वात सारखी करीत होती. म्हणाली, “मला ठाऊक होतं रे. तिकडून आल्यावर दोन-तीन महिने पोर झोपेत दचकून उठायची. पाय हलत नाही म्हणून ओरडायची.”

“मग मला बोलली का नाहीस?”

“तू सांगशील असं वाटलं होतं. मग राहूनच गेलं.”

म्हणजे ‘काही झालं नाही’ हेही खरे नव्हते. झाले होते. ते माझ्यापर्यंत पोहोचू दिले नव्हते, इतकेच.

या श्रावणात कट्ट्यावर बसलेल्या त्या पोराला मी हे सगळे असेच सांगितले. त्याच्या आईला जाऊ दे म्हण असे मी सांगितले नाही, नको म्हण असेही नाही. एवढेच म्हणालो, की तिथे पोहोचल्यावर बर्फ पडले, तर तिथल्या माणसाला विचार, आणि तो थांबा म्हणाला तर परतीचे तिकीट फाडून टाक. पैसे मी देईन. तुमच्यात जो सर्वांत जास्त घाबरलेला असेल त्याला सर्वांत आधी बोलू द्या, आणि तो बोलत असताना कोणी हसू नका. आणि सुखरूप परत आलास तर घरी येऊन ‘काही झालं नाही’ असे म्हणू नकोस. काय काय पाहिले, कुठे शंका आली आणि कुठे नुसते नशीब उपयोगी पडले, ते सांग.

तो थोडा वेळ फोनकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आजोबा, त्या वाटाड्याचं नाव काय होतं?”

मला ते आठवले नाही. त्याच्या पायांमागून मी तो उतार पार केला, त्याच्या हातात पैसे मोजून दिले, पण नाव विचारून लक्षात ठेवण्याची गरज मला तेव्हा वाटली नव्हती. अकरा जणांची नावे त्या स्लाइड शोच्या पत्रिकेवर छापली होती. तो बारावा होता.